बादली भरायला लागणारा वेळ

पहाटे तीनला निघतो माझा टँकर
वरच्या, तळ्याच्या शहराकडे.
पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना
पाच हजार लिटर पाणी
मागे कूस बदलत राहतं
गाभण म्हशीसारखं.

सीझनमध्ये रस्ता नसतोच, नुसत्या गाड्या असतात,
आणि काचेला चिकटलेली पोरांची नाकं.
गेल्या मे महिन्यात गाझियाबादचं एक कुटुंब
सहा तास माझ्या मागे होतं.
शेवटी बाप उतरला,
टँकरला टेकून सगळ्यांचा फोटो काढला
आणि गाडी वळवून घरी गेला.
त्यांच्या भिंतीवर आता मी असेन,
कुमाऊँ म्हणून.

ज्या हॉटेलात मी पाणी ओततो
त्याचं नाव निर्झर.
माझी बहीण हरुली तिथे चादरी धुते,
दिवसाला ऐंशी, शनिवारी दीडशे.
गर्दीला शिव्या घातल्या की म्हणते,
दाज्यू, हळू बोल,
माझ्या पोरीची फी गर्दीच भरते.

मग आमच्या सुनोलीत साहेब आले.
नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला,
वारा उडवू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार आडू ठेवले.
वरचा भार इकडे वळवायचाय, म्हणाले,
पर्यायी स्थळ, शाश्वत वगैरे.
किती खाटा बसतील?

खिमुली, आमच्या वन पंचायतीची सरपंच,
काही बोलली नाही.
आत गेली, बादली घेऊन आली.
घड्याळ आहे ना तुमच्याकडे? चला.

धाऱ्याच्या दगडी तोंडाखाली तिने बादली ठेवली.
साहेब घड्याळाकडे बघत उभे,
बूट शेवाळावर, एक हात बांजाच्या खोडाला.
धार करंगळीएवढी.
पाच मिनिटं लागली.
इतका वेळ गप्प राहायची सवय
जिल्ह्याच्या ऑफिसात कुणाला नसावी.

मी सून म्हणून आले तेव्हा, खिमुली म्हणाली,
घुंगट सावरेपर्यंत भरायची.
मग तिने तिथेच हिशेब केला,
तीस घरं, गुरं, शाळेची टाकी,
उरतात सहा खाटा.
साहेबांनी वहीत साठ लिहिलं.
तिने वाकून
शून्यावर बोट ठेवलं.

आणि मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.
हा डुंगर, म्हणाली,
आमचा अख्खा दिवस एका फेरीत वर नेतो.

मी पाणी भरतो ते खाली, ठेकेदाराच्या बोअरवर.
बोअर पडली त्याच साली धारा बारीक झाली,
की बांज तुटले तेव्हापासून,
की बर्फ पडेनासं झालं तेव्हापासून,
भांडायला कारणं पुष्कळ आहेत
आणि मी सगळी वापरून पाहिली आहेत.

दोन हिवाळे बायकांनी उतारावर खड्डे खणले,
पाऊस थांबावा, मुरावा म्हणून.
सहा खाटा झाल्या. पाहुणे येतात.
कानपूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं,
इथे बघण्यासारखं काय?
खिमुलीने त्यांना बादली दिली.
संध्याकाळी ते पळतच आले,
चार मिनिटं पन्नास!
जणू सामना जिंकला होता.
तेव्हापासून एक वही टांगलेली आहे,
तारीख, वार, वेळ, कुणी मोजलं.

हरुली अजून वरच आहे.
सहा खाटांच्या चादरींत
फी बसत नाही.
मीही रोज पहाटे तीनला निघतो,
मंगळवार सोडून.
मंगळवारी क्लच बिघडतो.
ठेकेदाराने दोनदा मेकॅनिक पाठवला,
मेकॅनिक सुनोलीचाच,
त्यालाही क्लच बिघडलेलाच दिसला.

एका फेरीने काय फरक पडतो, मला ठाऊक नाही.
पण वही हातात आली
की मी आधी बुधवार शोधतो.